नाव झाकलेल्या तीन गाड्या

घर भाड्याने घेताना मी पाच गोष्टी बघते. पाणी रोज येतं की दिवसाआड, विजेचं मीटर वेगळं आहे का, गच्चीवर कपडे वाळवायला मुभा आहे का, बसस्टँड किती लांब, आणि घरमालक त्याच घरात राहतो का. देऊळगाव राजाला बदली झाली तेव्हा ही यादी घेऊनच मी बालाजी मंदिराच्या बाजूच्या एका गल्लीत शिरले. पाचही गोष्टी तिथल्या तिथे जुळल्या. मी आगाऊ भाडं द्यायला पर्स उघडली, तेव्हा घरमालक म्हणाले, "ते नंतर. आधी वजन करू."

अंगणात धान्य मोजायचा काटा होता. मी पर्स खाली ठेवायला लागले तर ते म्हणाले, "राहू द्या, राहू द्या. गाडीवर बसाल तेव्हा पर्स बरोबर असणारच ना?"

"कोणत्या गाडीवर?"

त्यांनी बोट दाखवलं. पत्र्याच्या शेडमध्ये तीन स्कूटर उभ्या होत्या, एक लाल, एक पांढरी, एक निळी. तिन्हींवर जिथे जिथे कंपनीचं नाव असतं तिथे तिथे काळी पट्टी चिकटवलेली. पुढे, मागे, बाजूच्या पत्र्यावर, चाव्यांवरसुद्धा.

घरमालकांना गावात सगळे काका म्हणत. मीही म्हणायला लागले. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. उभं आयुष्य लोकांचे तराजू तपासण्यात गेलेलं. निवृत्त झाल्यावर त्यांना स्कूटर घ्यायची होती. गावातल्या माणसांना विचारलं तर प्रत्येक जण स्वतःच्याच गाडीची बाजू घ्यायचा. "एकही काटा सरळ नाही," असं म्हणत त्यांनी तीन कंपन्यांच्या तीन गाड्या एकाच वेळी आणल्या आणि परीक्षा सुरू केली. चालवायला तीन माणसं हवी होती. एक ते स्वतः, दोन भाडेकरू. दर महिन्याच्या एक तारखेला गाड्यांची अदलाबदल. गाडी त्यांची, पेट्रोल ज्याचं त्याचं, पण पंप त्यांनी ठरवलेला. भाडेकरू म्हणून राहायचं तर परीक्षेत भाग घ्यावा लागे. दुसरी कोणतीही अट नव्हती.

तिन्ही गाड्यांवरचं ओझं सारखं हवं, म्हणून वजन. काकांचं आणि माझं जवळपास सारखं निघालं, याचा त्यांना फार आनंद झाला. मला तितका झाला नाही. दुसरी भाडेकरू सुजाता मात्र अगदी बारीक. वडनेर भोलजीची मुलगी, सरकारी दवाखान्यात कंत्राटी नर्स. तिची कमी भरायला तिच्या पायापाशी वाळूची पिशवी ठेवलेली असे. दवाखान्यातले लोक तिला विचारत, "सिस्टर, बांधकाम काढलं का?"

नावं का झाकली, हे मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. काका म्हणाले, "नाव दिसलं की माणूस गाडीला माफ करतो. आपल्या बापानं याच कंपनीची वापरली म्हणतो आणि ब्रेक लागत नाही ते सांगतच नाही."

मी यादी करणारी बाई. त्या महिन्यात माझ्याकडे लाल गाडी होती. मी रीतसर तक्ता केला. मायलेज, सीटची उंची, डिकीत काय काय मावतं, सर्व्हिसिंगला किती दिवस लागतात. काकांनी तो नीट वाचला, अक्षराचं कौतुक केलं आणि परत दिला. ते स्वतः काहीच लिहीत नसत. सगळं डोक्यात. म्हणाले, "मॅडम, तक्ता भरला की आपण गाडीकडं बघायचं थांबतो. रिकाम्या खान्याकडं बघत बसतो." मला ते पटलं नाही. तक्ता मी पुढेही भरत राहिले. पण हे मान्य करायला हवं की लाल गाडीच्या मागच्या ब्रेकचा बारीक आवाज मला महिनाभर ऐकू आला नव्हता, आणि काकांना तो गाडी गल्लीत वळतानाच ओसरीवरून ऐकू आला.

गाड्यांबद्दल आमचं मत हळूहळू तयार झालं होतं. लाल गाडी पत्र्याची, जड. खड्ड्यातून जाताना म्हशीसारखी निवांत, पण मेन स्टँडवर चढवताना जीव जाई. सुजाताकडून ती एकदा आडवी झाली, ती उचलायला दोन माणसं धावली होती. पांढरी हलकी, आवाज न करणारी, कधीही कुरकुर न केलेली. फक्त तिचा सुटा भाग लागला तर थेट जालन्याहून यायचा. निळी गाडी तिघींत स्वस्त. तिचे सुटे भाग कुठल्याही खेड्यात मिळत, पण गरम झाली आणि सिग्नलला किंवा म्हशींच्या कळपापाशी थांबली की बंद पडे. मग किक मारावी लागे. सुजाताला आणि मला विचाराल तर निकाल केव्हाच लागला होता. पांढरी पहिली.

काका मान्य करत नसत. "पांढरीनं अजून काही सांगितलंच नाही. तोंड मिटून बसली आहे."

सर्व्हिसिंगच्या दिवशी ते घरून घडीचं स्टूल घेऊन जात. सर्व्हिस सेंटरमध्ये गिऱ्हाइकांसाठी पंख्याखाली चांगली खोली असे, थंड पाणी असे. काका तिथे बसत नसत. ते गाडीपाशी स्टूल मांडत. मेकॅनिकला एका शब्दाने अडवत नसत, फक्त बघत. निघताना काढलेले जुने भाग मागून घेत. घरी ओसरीच्या फळीवर ते भाग तीन रांगांत मांडलेले होते. झिजलेल्या ब्रेकपट्ट्या, काळे पडलेले प्लग, फाटलेली रबरं. सर्वांत छोटी रांग पांढरीची.

त्या फळीवरून काकूंचा रोजचा वाद होता. काकू मोताळ्याच्या. इतकी वर्षं जालन्याच्या वेशीवर काढूनही त्यांची बोली तसूभर हलली नव्हती. "माह्या लोणच्याच्या बरण्या खाली जमिनीवर, आन ह्याहीचे नटबोल्ट वरतं फळीवर. पाव्हणे आले का मले इचारतात, काकू, काकांनी दुकान टाकलं काय?"

"मग काय सांगतेस?"

"सांगते का हो, टाकलं. पन गिऱ्हाईक नाई, एक मालकच येऊन जाऊन राह्यला."

काका हसत. त्यांना स्वतःची चेष्टा झालेली आवडत असे. असा माणूस मी तोवर कमीच पाहिला होता.

गावातले लोक सल्ला विचारायला येत. नवी स्कूटर घ्यायची म्हटलं की आधी काकांकडे. आणि काका कोणालाच सांगत नसत. एकदा एक कापड दुकानदार जावयासाठी गाडी घ्यायची म्हणून आला.

"काका, कोणती घेऊ तेवढं सांगा."

"अजून निकाल लागायचा आहे."

"अहो, लग्न पंधरवड्यावर आलंय!"

"मग जावयाला सांगा, थोडं थांबा."

"काका, तुमच्या निकालापर्यंत त्याला पोरगं होईल हो."

"मग तर मोठी डिकी लागेल. बरं झालं थांबलात ते."

दुकानदार हात जोडून गेला. पण काका विचारणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवत नसत. कोणती घ्यायची ते सांगत नसत, कसं विचारायचं ते शिकवत. संध्याकाळी ते मंदिरापुढच्या मोकळ्या जागेत उभे राहत आणि येणाऱ्या जुन्या स्कूटर थांबवत. पहिला प्रश्न ठरलेला, "टायर बदलून झाला का?" नाही म्हटलं की त्या माणसाला जाऊ देत. पहिला टायर झिजेपर्यंत सगळ्याच गाड्या चांगल्या असतात, असं त्यांचं म्हणणं. टायर बदलला असेल तर दुसरा प्रश्न, "शेवटची बंद पडली तेव्हा कुठं होतात?"

या प्रश्नाची गंमत मी स्वतः पाहिली आहे. गाडी कशी आहे असं विचारलं की लोक दोन शब्दांत "एक नंबर" म्हणून मोकळे होतात. कुठे बंद पडली विचारलं की गाडीवरून उतरतात. सिंदखेडच्या रस्त्यावर, भर उन्हात, सोबत सासूबाई, असं सगळं निघतं. कोणी ढकलली, कोणी दुरुस्त केली, भाग कुठे मिळाला, मेकॅनिक काय म्हणाला. त्यातून काकांना हवं ते सगळं मिळे. मी आजही फ्रिज किंवा मिक्सर घेताना शेजारणीला हेच विचारते.

आता ज्या दिवसासाठी हे लिहायला बसले त्याकडे येते.

सुजाताचा करार संपत आला होता. कायम नोकरीच्या भरतीची परीक्षा निघाली, केंद्र जालना. वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची संधी. पुढच्या भरतीला तिला अर्जच करता आला नसता. वडील नव्हते, आई गावाकडे दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जायची. कायम नोकरी लागली की आईला आणायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं. अभ्यास तिने दवाखान्यात, पेशंट झोपल्यावर, इंजेक्शनच्या टेबलावर केला होता.

परीक्षेच्या आदल्या रात्रीची ड्यूटी तिने बदलून घेतली होती. ऐनवेळी बदली देणारी सिस्टर आजारी पडली. सुजाता सकाळी आठला सुटली, धावत घरी आली, तोवर जालन्याची बस निघून गेली होती. पुढची बस उपयोगाची नव्हती. दहाला केंद्राचं फाटक बंद होणार होतं. त्या महिन्यात तिच्याकडे निळी गाडी होती.

काका पांढरी पुसत होते. ती त्यांच्या पाळीत होती.

"काका," सुजाता म्हणाली, "आजच्या दिवस मले पांढरी द्या. निळी रस्त्यात बंद पडली तर माही परीक्षा जाईन."

काका पुसायचे थांबले. मग म्हणाले, "नाही. निळीच ने."

सुजाताचे डोळे भरून आले. माझा पारा चढला. मी म्हटलं, "काका, एका दिवसानं तुमची परीक्षा बुडत नाही. हिची बुडेल. नियम माणसासाठी असतात."

"नियमासाठी नाही म्हणत, मॅडम." ते माझ्याकडे वळले. आवाज चढलेला नव्हता. "निळीचा दोष मला माहीत आहे. थांबली की बंद पडते. थांबू दिली नाही तर पडत नाही. पडलीच तर एका किकेत चालू होते, आणि ही पोरगी ती किक मारून मारून तयार झाली आहे. पांढरीचा दोष अजून मला दिसलेला नाही. म्हणजे नाही असं नाही. जो काटा नेहमी थोडं कमी दाखवतो त्यावर हिशेब करून व्यवहार करता येतो. जो कधी चुकलाच नाही तो कधी चुकेल ते कोण सांगणार?"

"मंग तुमीच मले पांढरीवर डबलसीट सोडा," सुजाता म्हणाली.

"दोघं एका गाडीवर म्हणजे तुझ्याकडं एकच गाडी. दोघं दोन गाड्यांवर म्हणजे तुझ्याकडं दोन. मी पांढरी घेऊन मागं येतो. निळी बंद पडून चालू झाली नाही, तर पांढरी तुझी. मी रस्त्यात बसतो."

 काका वाकले आणि निळीच्या पायापाशी असलेली वाळूची पिशवी त्यांनी स्वतः उचलून बाजूला ठेवली. माझ्या माहितीत त्यांनी ती कधी काढली नव्हती. मग सुजाताला म्हणाले, "आरशात मी दिसलो नाही तरी थांबायचं नाही. थांबलीस तर गाडी बंद पडेल."

काकूंनी तिच्या हातावर साखर ठेवली. काकांना म्हणाल्या, "हेल्मेट नीट घाला. अन् पोरीच्या मांगं जाऊन राह्यले, पुढं नका जाऊ."

पुढचं मला दोघांनी सांगितलं, आपापल्या परीने. अर्धा रस्ता सुरळीत पार पडला. निळी एका वळणावर म्हशी आडव्या आल्या तेव्हा बंद पडली, एका किकेत चालू झाली. काका मागून हात करत होते. मग एक लांब चढ आला. चढ संपल्यावर सुजाताने आरशात पाहिलं तर रस्ता रिकामा.

ती थोडी पुढे गेली. परत पाहिलं. कोणी नाही. म्हातारा माणूस, भरधाव ट्रकांचा रस्ता. तिला काकांचं बोलणं आठवत होतं, तरी तिने गाडी कडेला घेतली. बंद पडू नये म्हणून एका हाताने ॲक्सिलरेटर पिळत, दुसऱ्या हाताने फोन लावला.

"काका, कुठं हाय तुम्ही? लागलं तर नाई ना?"

"थांबलीस काऊन?" पलीकडून काका ओरडले. "निघ आधी!"

"पन तुम्ही?"

"मी मजेत आहे. पांढरीचा बेल्ट तुटला! इंजिन चालू आहे, चाक फिरत नाही. सुजाता, बोलली गं, शेवटी पांढरी बोलली!"

"मी मांगं येते, तुम्हाले घेते..."

"मागं आलीस तर उद्यापासून घर खाली कर. जा!"

सुजाता सांगते, तेव्हा तिला रडू आणि हसू दोन्ही येत होतं. त्यानंतर तिने निळीला कुठेही बंद पडू दिलं नाही. जालन्यात शिरल्यावर चौकात पोलिसाने हात केला, तिथेही ती ॲक्सिलरेटर पिळत उभी राहिली, तो वैतागून म्हणाला, "मॅडम, विमान उडवता का?" केंद्रावर पोचली तेव्हा शिपाई फाटक ओढत होता. तिने गाडी तिथेच टाकली आणि उरलेल्या फटीतून आत गेली. गाडी मागे बंद पडल्याचा आवाज तिला ऐकू आला.

तिला नोकरी लागली. हे इथेच सांगते, म्हणजे कोणाचा जीव अडकून राहायला नको. आई आता तिच्याजवळ असते.

पण मला तो दिवस आठवतो तो संध्याकाळच्या प्रसंगासाठी.

पेपर संपवून सुजाता त्याच रस्त्याने परत आली. चढाच्या खालच्या गावात काका चहाच्या टपरीवर बसलेले तिला दिसले. पांढरी एका गॅरेजात लावली होती, बेल्ट दुसऱ्या दिवशी येणार होता. काकांनी दिवस वाया घालवला नव्हता. त्या गावातल्या झाडून सगळ्या स्कूटरवाल्यांना त्यांनी शेवटची कुठे बंद पडली ते विचारून घेतलं होतं. त्यांतल्या दोघांनी त्यांना जेवायला नेलं होतं. निघताना गाव त्यांना सोडायला तयार नव्हतं.

घरी यायला एकच गाडी होती, निळी. काका चावीसाठी हात पुढे करणार, तर सुजाता म्हणाली, "काका, मीच चालवते. सकाळपासून माह्या हातात बसली हाय. तुम्ही मांगं बसा." आणि काका मागे बसले. आयुष्यात पहिल्यांदा.

मी आणि काकू ओसरीवर वाट पाहत होतो. सुजाताने फाटकातूनच ओरडून पेपर चांगला गेल्याचं सांगितलं. काकूंनी तिला पोटाशी धरलं. काका मात्र गाडीवरून उतरून तिथेच उभे राहिले, कमरेवर हात ठेवून. मग वाकून त्यांनी मागे पाय ठेवायची जागा पाहिली. सीटचा मागचा भाग दाबून पाहिला. सायलेन्सरजवळ हात नेऊन झटकन मागे घेतला. मला वाटलं, काही बिघडलं असेल.

ते ओसरीवर आले आणि काकूंना म्हणाले, "तू कशी बसत होतीस गं मागं?"

"कशी बसत होती म्हंजे?" काकू म्हणाल्या. "तुमच्या शर्टाले धरून."

"पाय टेकत नाही तिथं. लोंबकळतो."

"एक टेकते. दुसरा हवेत राह्यते. आपलं एका बाजूनं बसनं, लुगड्याचं."

"आणि सायलेन्सर?"

काकूंनी पोटरीवरून लुगडं किंचित वर केलं. एक जुना, पुसट झालेला डाग होता. "हा लालीचा. निळी भाजत नाई तेवढी. पांढरीवर धराले काई नाई, गतिरोधक आला का मी राम राम करते. लालीचं सीट रुंद हाय, पन मांगून घसरते. तुम्ही ब्रेक मारला का मी तुमच्या पाठीवर."

काका ऐकत होते. एखाद्या व्यापाऱ्याच्या दुकानात तराजूपुढे उभे राहत असतील तसे, मान थोडी वाकडी करून. इतक्या वर्षांच्या परीक्षेत तिन्ही गाड्यांच्या मागच्या सीटवर सगळ्यांत जास्त बसलेली बाई ओसरीवर तांदूळ निवडत होती, आणि तिला कोणी काही विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. माझ्या तक्त्यात सतरा रकाने होते, त्यात मागच्या सीटचा एकही नव्हता.

"मग कधी बोलली नाहीस ती?" काका म्हणाले.

"तुम्ही साऱ्या गावाले इचारून राह्यले होते," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "मले वाटलं, येईन माहा बी नंबर."

काका वळले. मग आत जाऊन सर्व्हिसिंगला न्यायचं ते घडीचं स्टूल घेऊन आले, काकूंपुढे उघडलं आणि त्यावर बसले.

"सांग," ते म्हणाले. "लालीपासून. काही सोडू नको."

"आंदी कुकर तर होऊ द्या," काकू म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

काका स्टुलावर बसून राहिले. हातपाय धुतले नाहीत, चहा मागितला नाही, बेल्ट तुटल्याचं कोणाला सांगितलं नाही. सुजाता कपडे बदलून आली, शेजारचे लोक पेपरचं विचारून गेले. काका स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत, कुकरच्या शिट्टीची वाट पाहत होते.